निलोफरची हलकी काडतुसं

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दि. ८ जानेवारी २०२४

चि. कय्युम यास ताहेराआपाचे अ. उ. आ. आणि ढीगभर दुआ,

फोनवर तू नुसतं हां हां करतोस. तुला काही ऐकू येत नाही, हे मला कळत नाही असं समजू नकोस. बंदुका उडवून कान घालवलेस, आता भोग! म्हणून मी आपला कागद-पेन काढलाय.

इकडं ठीक आहे. साकिबनं बजाजनगरात कंपनीजवळ भाड्यानं घर घेतलं. चिकलठाण्याहून वाळूजला रोजची ये-जा त्याला झेपेना. सून, पोरं त्याच्याबरोबर गेली, रविवारी येतात. टीव्हीचा रिमोट आता माझ्याच हातात असतो, हा एक फायदा.

तू मला कायमचं अमेरिकेला बोलवायला अर्ज टाकलास तेव्हा साकिब शाळेत जात होता. आता कुठं तुझ्या सरकारला जाग आलीय. नंबर लागला, मुंबईला मुलाखतीला या म्हणतात. अरे, या वयात मी तिकडं येऊन काय बर्फ फोडू? मी काही येत नाही. रागावू नकोस.

निलोफरला जाऊन वर्ष होत आलं. तू जेवतोस काय, दिवसभर करतोस काय, ते सविस्तर लिही. नुसतं "मजेत आहे" लिहिलंस तर लाल शाईनं खुणा करून पत्र परत पाठवीन. मास्तरीण रिटायर झाली म्हणून सवय जात नाही.

लोभ आहेच, तो काही कमी व्हायचा नाही.
तुझी आपा

*

ओहायो
दि. २ फेब्रुवारी २०२४

ती. ताहेराआपास कय्युमचा सलाम वि. वि.,

पत्र पोचलं. मजेत नाय, बरा आहे. युसरा शिकागोहून येते तेव्हा डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवून जाते. बाप आहे का पाहुणा, असं तिला वाटत असेल. पण लेक गुणाची आहे.

दिवसभर काय करतो विचारतेस. तळघरात बसून निलोफरची काडतुसं भरतो. तुला हे कधी नीट सांगितलं नव्हतं. आम्ही नवरा-बायको शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर कागदावरच्या गोलावर नेम धरायला जायचो. बाजारच्या काडतुसाचा धक्का लई. तिची मनगटं संधिवातानं आधीच दुखायची. मग मी उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्यात हलका बार भरायला शिकलो. रिव्हॉल्वर उडवलं की हाताला नुसती टिचकी बसावी, एवढाच. नेम लागो न लागो, ती हसायची.

भरायचं काम दोघांचं होतं. मी पुंगळीत बारूद घालायचो. वर गोळी बसवायच्या आधी ती बॅटरी धरून आत बारूद पडलंय का बघायची आणि हां म्हणायची. डाळ निवडावी तशी चष्मा पुढं ओढून बसायची. आता मीच भरतो, मीच बघतो.

फळीवर डबे साठलेत आणि ते कुणाला देता येत नाय. इथं एक रीत आहे, दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कुणी उडवत नाय, सख्ख्या भावाचंसुद्धा. रीत बरोबर आहे, जिवाशी गाठ असते. म्हणून शनिवारी जाऊन तिच्या वाटची मीच उडवतो. तुझी मनगटं तिच्यासारखीच बारीक आहेत. एकदा येऊन तर बघ.

प्रकृतीस जप. आठवण ठेव, मी ठेवतोच.
तुझा कय्युम

*

चिकलठाणा
दि. २६ फेब्रुवारी २०२४

चि. कय्युम यास अ. उ. आ.,

मी आणि पिस्तूल! आमच्या शाळेत खडू फेकून मारण्यात माझा हात कुणी धरला नसता, तेवढं पुरे. शेजारच्या करुणाताईंना तुझं पत्र वाचून दाखवलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. आता मी अंगणात आले की लांबूनच नमस्कार करतात.

चेष्टा राहू दे. कय्युम, ही काडतुसं तू कुणासाठी भरतोस? वर्षभर रोज बसून भरतोस म्हणजे किती झाली असतील! गेलेल्या माणसाचं ताट किती दिवस वाढायचं रे? कडू लागेल, पण आईच्या माघारी तुला कडू बोलणारी मी एकटीच उरलेय. जरा चार माणसांत जा. मशिदीत जा, बाजारात जा, कुणाशी तरी भांड.

मुलाखतीचा कागद कपाटात ठेवून दिलाय. मे महिन्यातली तारीख निघून जाईल आपोआप.

रमजान जवळ आला. रोजे झेपतील तेवढेच धर. माया तीच, रागही तोच.
तुझी आपा

*

ओहायो
दि. २५ मार्च २०२४

ती. आपास सलाम वि. वि.,

रोजे चालू आहेत. इफ्तारला खजूर आणि दूध घेतो. मशिदीत जावं म्हणतो, पण गाडी काढायचा कंटाळा येतो.

परवाच्या शनिवारी एक किरकोळ गोष्ट झाली. एका काडतुसात बारूद घालायचंच राहिलं असणार. चाप ओढला तर नुसतं फुस्स झालं आणि गोळी नळीत मध्येच अडकून बसली. त्यावर दुसरी उडवली असती तर हत्यार हातातच फुटलं असतं. शेजारी नेम धरून उभा असलेला म्हातारा ओरडला, त्यानं येऊन माझं मनगट धरलं. झालं काहीच नाय. युसराला सांगू नको, उगाच घाबरेल.

साकिबच्या पोरांना ईदी माझ्यातर्फे दे. तुझी दुआ असू दे.
कय्युम

*

चिकलठाणा
दि. १२ एप्रिल २०२४

चि. कय्युम यास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र ऐन ईदच्या दिवशी आलं. घरात पोरांचा गलका, आणि मी मागच्या खोलीत पत्र घेऊन बसले. शीरखुर्म्याची वाटी तशीच राहिली.

मी जन्मभर पोरांचे निबंध तपासलेत. पोरगं कुठलं वाक्य गाळतंय ते मला कळतं. निलोफर शेवटची आली होती तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, की धरायचं कसं हे शिकवायच्या आधी तू तिला एकच गोष्ट शिकवलीस. फुस्स झालं की चापावरचं बोट बाहेर, हत्यार खाली ठेवायचं. ज्यानं तिला हे शिकवलं त्याला दुसऱ्यानं येऊन मनगट धरून थांबवावं लागलं? ऐकू आलं नाही म्हणू नकोस. धक्का बसला नाही हे हाताला तर कळलं असेल!

खरं काय ते मला लिही. कितीही वाईट असलं तरी लिही. पत्राची वाट बघायची माझी हिंमत नाही, म्हणून युसराला फोन करून सगळं सांगितलंय. ती आजच निघतेय. चिडायचं तर खुशाल चिड.

तुझ्या काळजीत,
आपा

*

शिकागो
दि. २८ एप्रिल २०२४

ती. आपास सलाम वि. वि.,

चिडलो होतो, आता नाय.

व्हय आपा, मला कळलं होतं. गोळी आत अडकलीय, दुसरी उडवली तर काय होईल, सगळं कळत होतं. आणि तरी बोट चापावरच होतं. मरायचंय असं काही ठरवलं नव्हतं. नुसतं, थांबायचं कशाला, असं वाटलं. म्हाताऱ्यानं हात धरला तेव्हा मला त्याचा राग आला. त्या रागाचीच मला घरी आल्यावर भीती वाटली. तुला किरकोळ म्हणून लिहिलं, कारण कुणाला तरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं.

युसरा आली ती तडक खाली उतरली. तळघरात माझ्याशेजारी बसली आणि आम्ही सगळी काडतुसं खोलली. शिसं एका डब्यात, बारूद बागेतल्या मातीत. निम्म्यात आल्यावर ती रडायला लागली, मग मीही. रिव्हॉल्वर त्या म्हाताऱ्याच्या कपाटात कुलपात आहे, किल्ली मी मागणार नाय. मग ती मला शिकागोला तिच्या घरी घेऊन आली. इथं ती मला एका डॉक्टरीणबाईंकडं नेते. मी बोलतो त्यांच्याशी. थोडं थोडं जमतंय.

माझ्यापायी तू घरदार सोडून येऊ नको. एवढं ऐक.

तुझाच,
कय्युम

*

चिकलठाणा
दि. २० मे २०२४

चि. कय्युम यास अ. उ. आ.,

ऐकणार नाही. मुंबईला जाऊन आले.

साकिबनं मला सगळी उत्तरं पाठ करायला लावली होती, तिथं एकही आठवलं नाही. खिडकीतल्या बाईनं विचारलं, की या वयात तिकडं जाऊन काय करणार. मी सांगून टाकलं की भावाशी भांडायचं राहिलंय, फोनवर त्याला ऐकू येत नाही. ती हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. परवा व्हिसा लागून आला.

तुझ्यासाठी येतेय असं समजून भाव खाऊ नकोस. रविवारी पोरं गेली की मलाही हे घर खायला उठतं. तुला कधी लिहिलं नाही एवढंच. दोघंही मजेत म्हणून लिहीत बसलो आणि ही पाळी आली.

जूनच्या शेवटी पोचते. विमानतळावर घ्यायला तू ये. युसराला गाडी चालवू दे, पण दारात तू उभा पाहिजेस. मला तिकडचं बोलणं कळत नाही, रस्ता कळत नाही. तू दिसला नाहीस तर मी सामान घेऊन तिथंच बसून राहणार, सांगून ठेवते.

येईपर्यंत नीट जेव, नीट झोप.
तुझी,
आपा