तुझ्या घराचे गाऱ्हाणे

रत्नागिरी,
ता. २ मे १९३४

प्रिय हरी यास भिकाजीचा नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. आमच्या मालनला मुलगी झाली. आंबा यंदा उशिरा धरला, पण रायवळ पुष्कळ. तुझ्या घरी तुळसावहिनी बऱ्या आहेत. दर खेपेस त्या सांगतात आणि मी लिहितो, तसे हे पत्र नाही. हे मी लिहितो आहे ते त्यांना ठाऊक नाही.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला महिनाही उरला नाही. त्याआधी ये. वीस तारखेला वसाहतीची सभा आहे. ओस पडलेल्या घराची जागा परत घ्यायची, असा आपला नियम, आणि त्यात तुझे घर निघाले आहे. मालक स्वतः सभेत उभा राहिला तर वाचेल.

तुझेही चुकले बाबा. दोन वर्षे मुंबईच्या गोदीतून तुझा पाय निघाला नाही. छपराचे नळे परतलेले नाहीत, परसात कमरेएवढे गवत, वहिनी आपल्या मधल्या दगडी गडग्यावर बांगडे वाळत घालतात, शेळ्या साऱ्या ओळीच्या अबोलीला तोंड लावतात. कुणीतरी तक्रार करणारच होते.

कुणीतरी म्हणजे मी.

सड्यावर दोऱ्या लावून जागा आखल्या, तेव्हा शेजारी शेजारी राहू म्हणून तुला गळ घातली ती मीच. आणि अर्ज केला कशासाठी, तर नीटनेटक्या ओळीला मिळणाऱ्या सन्मानपत्रासाठी. चार घरांची एक ओळ. तुझ्या घरापायी आपली ओळ दोनदा मागे पडली. काचेत बसवलेला एक कागद, हरी. मी भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

वसाहतीचा शिपाई बाबल्या वहिनींना म्हणाला, "भिकाजीभाऊंनी तुमच्या घराचं गाऱ्हाणं घातलंनी." तो बोलला सभेपुढच्या तक्रारीबद्दल. वहिनींना गाऱ्हाणे एकच ठाऊक, देवापुढे घालतात ते. तू घरी यावास म्हणून मी देवाला साकडे घातले असे त्या समजल्या आणि नारळ घेऊन माझ्या ओटीवर आल्या.

"भावोजी, पाठचा भाऊ करायचा नाय इतकं केलंत. देव कुठला ता सांगा, नारळ तितंच वाढवते."

तेव्हाच खरे सांगायचे. तोंडातून निघाले गणपतीपुळे. लांब आहे, जातील कधीतरी, असे वाटले. त्या दुसऱ्याच दिवशी शेळ्या माझ्या गोठ्यात बांधून पायी निघाल्या. त्याच दुपारी समिती पाहणीला आली. कुलूप पाहून चिटणीस रावजींनी मला विचारले, इथे कुणी राहते की नाही. मी म्हणालो, "बंदच असतं." त्यांनी 'घर ओस' असे लिहून घेतले. तुझ्या शेळ्या माझ्या गोठ्यात ओरडत होत्या.

वहिनी परतल्या त्या पायाला फोड घेऊन. प्रसादाच्या नारळाची कवड माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. त्या रात्रीपासून अन्न गोड लागत नाही.

रावजींकडे जाऊन मी सगळे कबूल केले. ते म्हणाले, लिहिलेले आता मालक आल्याशिवाय खोडता येणार नाही. तेव्हापासून रोज सकाळी तुझ्या छपरावर चढून नळे परततो आहे. वहिनी खालून एकेक नळा हातात देतात आणि देवाने ऐकले म्हणतात. मी वरून मान हलवतो. इतका निर्लज्ज मी कधी झालो, मला कळले नाही.

तुझी पत्रे वहिनींना मीच वाचून दाखवतो. याचे उत्तरही मलाच वाचावे लागेल. माझे मी सांगायचे धैर्य मला नाही, म्हणून मी काय केले ते आणि तुला मला जे बोलायचे असेल ते तू त्यातच लिही. एक अक्षर न गाळता त्यांना वाचून दाखवीन.

'लोभ असावा' असे लिहायला हात धजत नाही.

तुझ्या गडग्यापलीकडचा,
भिकाजी