चौकटीबाहेरचं टोक

॥ श्री ॥

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
४ ऑगस्ट २०२४

चि. केतकीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईचा जुना मोबाइल कुरियरने पाठवला आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू घाईत बोलतेस, म्हणून पत्र. लिहिणारी नेहमीचीच, वरच्या मजल्यावरची मानसी. मी चार वाक्यं सांगते, ती तीन लिहिते. चौथं कुठे जातं ते मला वाचता येत नाही, म्हणून तिला धाक नाही. तिचा नवरा बाग सेवनियात घर घेतोय घेतोय म्हणत म्हातारा होईल, तोवर आमचं टपालखातं चालू आहे.

तुझं काम तिने मला समजावलं. फोनमधलं बोटभर चित्र टीव्हीवाल्यांना चालेल असं मोठं, रुंद आणि स्वच्छ करायचं. म्हणजे शिळ्या पोळीची फोडणीची पोळी. पाहुण्यांना पत्ता लागता कामा नये. विसराळू म्हाताऱ्यांना घरात कसं सांभाळतात, यावर तुमचा कार्यक्रम आहे म्हणे. मग तुझ्या आजोबांइतका योग्य माणूस मिळायचा नाही. शेवटी शेवटी घरात बसून घर शोधायचे.

वाटाणे सोलतानाचं चित्र जरूर घे. वाटीत एक, तोंडात दोन. मी तिथेच खाली बसले होते, पण चित्रात कुठेच नाही. सुनेने फोन धरला की सासू बाहेरच जायची!

तुझ्या आईचं, नलिनीचं, शाळा एके शाळा चालू आहे. तू वेळेवर जेवत जा. आमची माया पत्राबरोबर पाठवली आहे, तिचं वजन कुरियरवाल्याने केलेलं नाही.

तुझी आजी

❖

पुणे
१७ ऑगस्ट २०२४

ती. आजीस केतकीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मानसीताई, हे पत्र कृपा करून आई शाळेत गेलेली असताना वाचा, आणि हळू वाचा.

आजी, तो वाटाण्यांचा तुकडा मी कामाला घेतला. आईने फोन उभा धरलेला, त्यामुळे चित्र अरुंद. टीव्हीचा पडदा आडवा. मोठं करायचं, धूसरपणा काढायचा, हाताचा कंप घालवायचा, दोन्ही बाजूंच्या रिकाम्या पट्ट्या भरायच्या, असं सगळं चाललं होतं. आजोबांच्या मनगटावर लाल काहीतरी आहे, ते आपण सगळे देवाचा दोरा समजत होतो. चित्र स्वच्छ केलं तेव्हा दिसलं, की तो दोरा नाही. लुगड्याचा काठ आहे, मनगटाला पक्की गाठ मारलेला. तिथून खाली खाटेच्या खुराकडे ताणत जातो आणि चौकटीच्या कडेला संपतो.

आजोबांना बांधून ठेवत होते का गं? तेव्हा मी इथे होस्टेलमध्ये, बाबा बदलीवर जबलपूरला. घर आईच्या हाती होतं. तिला शाळा, स्वयंपाक, सगळं एकटीला उरकत नसेल, हे मला कळतं. पण कळूनही रात्रभर तिच्याशी मनातल्या मनात भांडत बसले. तिला फोन करायचा धीर होत नाही. तू तिला यातलं काही सांगू नकोस.

विक्रांत सरांनी, म्हणजे माझ्या वरच्यांनी, ते पाहिलं. कार्यक्रमाची सुरुवातच त्या गाठीने करायची असं त्यांचं ठरलं आहे. मला ती गाठ पुसून टाकता येते, यंत्राला दोन मिनिटं लागतात. किंवा राहू देता येते. मी काय करू? खरं तेवढं कळव.

तुझ्या मायेवरच आहे.

तुझी केतकी

❖

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
२७ ऑगस्ट २०२४

चि. केतकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर ओळखलंस ना? मानसीच्या नवऱ्याने अखेर घर घेतलं आणि आमचं टपालखातं पंधरा दिवसांपूर्वी बाग सेवनियाला गेलं. आता वाचणारी आणि लिहिणारी तुझी आईच. तुझं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. मी तिला थांब म्हटलं. ती थांबली नाही. शाळेत धडा वाचावा तसं शेवटपर्यंत वाचलं, सहीसुद्धा वाचली, घडी घातली आणि भाजी फोडणीला टाकायला गेली. भाजी करपली. या घरात तिच्या हातून भाजी करपलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आता माझं ऐक. काठ माझ्या लुगड्याचा, फाडला मी, गाठ मारली मी. एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं माझ्या. लग्नात भटजींनी मारलेली गाठ सैल पडली होती, म्हणून मी नवी मारली. हे दर थोड्या वेळाने दोनदा ओढून बघायचे. मी एकदा परत ओढायची. म्हणजे मी आहे, जागेवर आहे. मग वाटाणे पुढे चालू.

तुझ्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. बापमाणसाला दावं लावता का, असं म्हणून माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. एकदा तिने स्वतःच सोडलं, तर हे दुपारी निघाले ते थेट बिट्टन मार्केट. एका ठेल्यापाशी उभे राहून आम्ही नागपूरला असतानाच्या जुन्या दराने पालक मागत होते. भाजीवाल्याने बाबूजी बाबूजी करत घरी आणून सोडलं. तेव्हापासून तिने गाठीला हात लावला नाही.

खरं तेवढं मागितलंस, म्हणून हेही घे. मी आंघोळीला जायची तेव्हा माझं टोक खाटेच्या खुराला बांधून जायची. आंघोळीला तरी माणसाला जावंच लागतं की! परत येऊन बघावं तर गाठ होती तशी. तुला लिहायचंच तर हे माझ्या नावावर लिही. ज्या बाईने हे सगळं आता मान खाली घालून लिहून घेतलं, तिच्या नावावर नको.

तिला म्हटलं, शेवटी तुझ्या दोन ओळी घाल. नको म्हणाली. मीही आज कोरडाच आशीर्वाद देते, उरलेला भेटीत.

तुझी आजी

❖

पुणे
६ सप्टेंबर २०२४

ती. आजीस आणि ती. आईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आई, हे तू वाचते आहेस, म्हणून आधी तुलाच लिहिते. फोन केला, तू उचलला नाहीस. नाही उचललास ते बरोबरच. तुला न विचारता मी निकाल लावून मोकळी झाले.

आजी, तुझं पत्र आल्यावर मी फोनमधलं मूळ चित्र पुन्हा काढलं. माझ्या चित्रात आजोबा शांत बसलेले आहेत. मूळ चित्रात मध्येच त्यांचा हात उडतो. आईचा फोन हलला असेल, असं समजून यंत्राने तो धक्का घालवला होता, आणि उरलासुरला मी कापला होता. आता नीट पाहिलं. आजोबा काठ ओढतात. एकदा, पुन्हा एकदा. थांबतात. मग काठ बाहेरून ताणला जातो, त्यांचा हात उचलला जातो, वाटाणा निसटतो आणि ते हसतात. खाट काही परत ओढत नाही. हे मी सगळं स्वच्छ करता करता काढून टाकलं होतं.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, पण लांबतं. गाठ ठेवू, धक्का काढू. मी म्हटलं, धक्का काढायचा तर आमचे आजोबा मिळणार नाहीत. तुकडा परत घेतला आहे. या कार्यक्रमातून मलाही काढलं, पुढचं काम देतील की नाही माहीत नाही. अख्खं चित्र, हलतं तसंच, पेन ड्राइव्हवर पाठवते आहे.

माझ्यावरचा राग धरा, पण मला धरून ठेवा.

तुमची केतकी

❖

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
२२ सप्टेंबर २०२४

चि. केतकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कामाचं ऐकून जिवाला घोर लागला आहे. तुझा बाबा प्रभाकर म्हणतो, पोरीने हट्ट केला. मी म्हटलं, तुझ्या बापाची नात आहे.

नलिनीने ती काडी टीव्हीला मागून खोचली आणि हे आले. एवढे मोठे, की मी पदर नीट केला. मी मुद्दाम खाली बसले होते, तेव्हाच्याच जागी. यांनी दोनदा ओढलं आणि माझा हात आपोआप उठला. टीव्हीतल्या माणसाला ओढायला निघालेली म्हातारी! हसावं म्हणून नलिनीकडे पाहिलं, तर ती पडद्याकडे बघत नव्हती, आपल्याच हाताकडे बघत होती. मग दिवा न लावता आत गेली. काय झालं ते सांगत नाही. तुझ्यावर अजून रुसली आहे असं समज, आणि दिवाळीची वाट न बघता ये.

खाली तिच्यासाठी जागा सोडायला सांगितली आहे. भरेल की कोरी ठेवेल, मला कळायचा मार्ग नाही.

लोभाचं एक टोक तुझ्याकडे आहे. अधूनमधून ओढत जा.

तुझी आजी

केतकी,
हे आजींना वाचून दाखवलेलं नाही, तूही सांगू नकोस. त्या आंघोळीला गेल्या की मी खुरावरची गाठ सोडून ते टोक हातात धरून बसायची, आणि त्या यायच्या आत पुन्हा तशीच बांधून ठेवायची. ते माझ्याकडेही दोनदाच ओढायचे.
आई