ओंजळ धरणार नाही

भूरासर,
१० जानेवारी २००४

तीर्थरूप पोकरभाईंस,
धाकटी बहीण धापूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुमचं बरं आहे की नाही हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, कारण निम्मा कागद अहमदाबादच्या गर्दीवर जातो आणि उरलेला मला उपदेश करण्यात. तिथं वरणात साखर घालतात म्हणे. ती सगळी तुमच्या पोटावर साठली आहे असं भाभीनं कळवलंय. टीमूचा झगा मापात बसला. मामा शिंपी असल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

आता बातमी. परदेशातून मुलं येत आहेत! ग्रीस म्हणून देश आहे, तिथल्या एका बेटावरच्या शाळेतली. आपली पावसाच्या पाण्याची टाकी, बेऱ्या म्हणजे आपल्या त्या अरुंद विहिरी, तलाव बघायला आणि आम्ही पाणी कसं सांभाळतो ते शिकायला. मग पुढच्या वर्षी इकडची मुलं तिकडे जायची. संस्थेचे नरपतजी म्हणाले, मुक्काम ठाकूरांच्या वाड्यात, कोटडीत, जेवण मात्र रोज वेगळ्या वस्तीत. मी संस्थेची जलसखी, तेव्हा मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की एक दिवस आपल्या मेघवाळांच्या वस्तीचा. नरपतजींनी जरा डोकं खाजवलं, पण हो म्हणाले.

भाई, तुम्हाला म्हणून सांगते. आपल्या वस्तीचं टाकं आम्ही दुष्काळाच्या साली स्वतः खणलं. तलावावर कुणी वरून ओतेल तेव्हा घडा भरायचा, त्याचा कंटाळा आला म्हणून खणलं. घरापुरतं ते दुखणं गेलं. शाळेत मात्र ते तसंच आहे. वरच्या वस्तीची मुलं माठात लांब दांड्याचा डोया घालून पितात. आपल्या पोरांनी खाली बसून ओंजळ धरायची आणि मोठ्या वर्गातल्या कुणीतरी वरून ओतायचं. परवा टीमू घरी येऊन विचारत होती, बाकीच्यांच्या बाह्या कोरड्या असतात, माझ्याच का रोज कोपरापर्यंत भिजतात? थंडीनं हात काकडले होते तिचे. मी काय सांगणार? मास्तर म्हणतात, मी भेद मानत नाही, पण गावाला आवडत नाही. सासूबाई म्हणतात, ओंजळ धरून आजवर कुणी मेलं नाही.

मी मात्र ठरवलंय. पाहुणे आपल्या टाक्याचं पाणी सगळ्या गावादेखत पितील. मग बघू कोण कुणाला वरून ओततं ते. टाक्याभोवतीचं आगोर, जिथून पावसाचं पाणी आत उतरतं ते सगळं अंगण, मी झाडून लखलखीत केलंय, एक लेंडी दिसायची नाही. भाजीसाठी कैर-सांगरी भिजत घातली आहे.

टीमू मामाला पापा पाठवते. तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची,
धापू


अहमदाबाद,
१९ जानेवारी

चि. धापूस,
पोकरचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोटाविषयी एक अक्षर लिहिणार नाही. भाभीला मात्र विचारलंय की टपालाचा खर्च तिला कोण देतं.

तू लहानपणी उंट बसला नाही तर उंटाशी भांडायचीस. अजून तशीच आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मोठा भाऊ आहे म्हणून लिहितो. पाहुणे चार दिवस येतात, पाणी पितात, फोटो काढतात आणि जातात. गाव तिथंच राहतं, आणि तुलाही तिथंच राहायचं आहे. त्यांच्या घोटावर टीमूच्या बाह्या वाळणार असतील तर मी इथं बसून नवस बोलतो. पण उसन्या बळावर फार उडी मारू नये. तुझा घरधनी हडमान खाणीत रोजानं जातो, खाण ठाकूरांच्या भावाची आहे, हे विसरू नकोस.

टीमूच्या बाह्यांचं वाचून रात्री मशीनवर बसलो तरी टाका सरळ पडेना. तिला लांब बाह्यांचं स्वेटर पाठवू की आखूड, तेवढं कळव.

सासूबाईंना नमस्कार. जिवाला जपून राहा.

तुझा,
पोकरभाई


भूरासर,
३ फेब्रुवारी

ती. पोकरभाईंस,
धापूचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही खरे ठरलात. आता खुशाल हसा.

मुलं आली. गुणी आहेत, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झाली आहेत. त्यांच्या बाई फोतिनी, केस पिकलेले, माझ्याहून भरभर चालतात. एवांथिया म्हणून एक मुलगी आहे, तिचं नाव कुणाला येईना म्हणून सासूबाईंनी तिची वंती करून टाकली. जेवायला सगळी आपल्या अंगणात बसली. वरच्या वस्तीच्या बायका पलीकडच्या शाळेच्या भिंतीआड उभ्या राहून बघत होत्याच. टीमूनं मोठ्या ऐटीत तांब्या वंतीपुढे धरला. आणि वंतीनं हात जोडले, मान हलवली, पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली. मग सगळ्यांनीच काढल्या. बाटलीचं बूच फोडल्याचा तो कटकट आवाज! भिंतीआडून हसू आलं. टीमू तांब्या धरून तशीच उभी. मी तिला आत नेलं, आणि भाई, मी चुलीपाशी बसून रडले. धुरानं नव्हे.

सासूबाई म्हणाल्या, सुखानं जगत होतीस तर घशात हाड अडकवून घेतलंस. यांनी समजावलं की कोटडीतही ती मुलं बाटलीचंच पितात, ठकराणीचा फक्त उकळलेला चहा घेतात. मला ते कळत होतं. पण भिंतीआडच्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं, आणि त्यांनी ते घेतलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पदर ओढून घेतला आणि थेट फोतिनीबाईंपुढे उभी राहिले. नरपतजींना म्हटलं, जसंच्या तसं सांगा, गोड करून नको. म्हटलं, बाई, तुम्ही एवढा समुद्र ओलांडून पाणी वाचवायला शिकायला आलात, आणि जीपभर बाटल्या घेऊन आलात. आमच्याकडे कुणी पाणी नाकारलं तर त्याचा एकच अर्थ होतो. तो अर्थ मी सांगितला. नरपतजी मध्येच थांबले तर मी म्हटलं, हेही सांगा. बाई लालबुंद झाल्या. मग म्हणाल्या की मागच्या तुकडीतला एक मुलगा पोट बिघडून मरता मरता वाचला, म्हणून नियम आहे. त्यांना आमच्या घराची घाण वाटत नाही, पाण्याची भीती वाटते. त्यांच्याही घराखाली पावसाचं टाकं असतं. वंतीची आजी त्यात सापासारखा एक मासा सोडते, तो किडे खातो. हे ऐकल्यापासून सासूबाई म्हणत सुटल्या आहेत, सापाचं पाणी चालतं आणि आमचं चालत नाही!

मी म्हटलं, भीती वाटते तर तपासा. मुलांनी तपासायच्या काचेच्या छोट्या बाटल्या आणल्याच होत्या. गावातल्या प्रत्येक टाक्याचं पाणी एकेका बाटलीत भरलंय, शाळेच्या ओट्यावर ओळीनं ठेवलंय, वर नावं चिकटवली आहेत. पाणी खराब असेल तर आतलं औषध काळं पडतं. दोन दिवसांत कळेल. माझ्या टाक्याला आगोर माझ्या हातानं झाडलेलं आहे. माझी बाटली पांढरीच राहणार, पैज लावा.

स्वेटर लांब बाह्यांचंच पाठवा. आखूड मागणं म्हणजे हार मानणं.

मनात मला जागा ठेवा.

तुमची,
धापू


अहमदाबाद,
११ फेब्रुवारी

चि. धापूस, आशीर्वाद.

मी हसलो नाही. भाभी साक्षीला आहे.

मी पैज लावत नाही, कारण तू हरलीस तर चिडशील आणि जिंकलीस तर महिनाभर ऐकवशील. पण बाईंपुढे जाऊन बोललीस ते वाचून छाती भरून आली. मी इथं इतकी वर्षं आहे. चाळीत कुणी गावाचं नाव विचारलं की पुढचा प्रश्न यायच्या आत मी विषय बदलतो. तू विषय बदलत नाहीस.

खाणीची काळजी केलीच तर मी करीन, तू करू नकोस. हडमानला इकडे काम मिळेल, मी बोलून ठेवलंय. तू मागे फिरू नकोस.

स्वेटर लांब बाह्यांचं आहे. काय झालं ते लगेच लिही, टपालवाल्याची वाट बघून मान दुखायला लागली.

तुझा,
पोकरभाई


भूरासर,
२२ फेब्रुवारी

ती. पोकरभाईंस,
धापूचा मनापासून नमस्कार. वि. वि.

बरं झालं पैज लावली नाहीत. माझी बाटली काळी पडली! कोळशासारखी. सगळा गाव ओट्याभोवती जमला होता आणि आपलीच बाटली आधी काळी झाली. वरच्या वस्तीत जो काही आनंद झाला म्हणता! म्हणाले, बघा, बाटलीलाही कळलं. मला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण त्यांचा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. एकामागून एक सगळ्या बाटल्या काळ्या झाल्या. सरपंचांची झाली, मंदिराची झाली, आणि कोटडीची तर इतकी काळी की मुलं तिचे फोटो काढायला लागली. सासूबाई दात नसलेल्या तोंडानं एवढं हसल्या की त्यांना उचकी लागली.

नरपतजी म्हणाले, घाबरायचं कारण नाही, प्रत्येक टाक्यात मापानं पांढरी पूड टाकली की पाणी साफ होतं. पूड संस्थेची, आणि ती टाकायचं शिक्षण गावात एकटीचं, माझं. म्हणजे काय झालं ते लक्षात आलं का, भाई? गावातल्या प्रत्येक टाक्याचं झाकण मी उघडायचं आणि माझी बादली आत सोडायची. हे ऐकून ओट्यावरचे लोक आपापल्या बाटल्यांकडे पुन्हा वाकून बघायला लागले.

पहिलं आपलं टाकं केलं. पुन्हा बाटली भरली, ती स्वच्छ राहिली. तेव्हा फोतिनीबाई स्वतः आपल्या अंगणात आल्या, टीमूकडून तांब्या मागून घेतला आणि गटागटा प्यायल्या. मागोमाग वंती. टीमू नाचलीच. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण महिन्याभरापूर्वी वाटलं असतं तेवढं नाही. तुम्ही लिहिलं होतं ना, पाहुणे जातात, गाव राहतं. माझं लक्ष कोटडीकडे लागलं होतं.

बाकीच्यांनी काळ्या बाटलीच्या भीतीनं कुरकुरत का होईना, एकेक करून मला झाकण उघडू दिलं. कोटडीतून मात्र निरोप आला की पूड हवी, पण दुसऱ्या कुणाला पाठवा. नरपतजी मला बाजूला घेऊन म्हणाले, तिथलं तेवढं मी गुपचूप टाकतो, उगाच वाद कशाला. मी म्हटलं, मग सगळ्याच गावात तुम्ही टाका, आणि उद्यापासून तुम्हीच जलसखी व्हा, ओढणी मी देते. कोटडीचं टाकं तसंच राहिलं. दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा साऱ्या गावात ती एकच बाटली काळी होती. ठकराणीची नात सुगन टीमूच्याच वर्गात आहे, सगळा हिवाळा पोट धरून बसलेली असते. अखेर पाहुणे जायच्या आदल्या दिवशी ठकराणीचं बोलावणं आलं. मलाच.

मी गेले. यांनी सकाळी एवढंच म्हटलं की खाण बुडाली तर बुडाली. झाकण उघडण्याआधी मी ठकराणीला म्हटलं, माँसा, ऊन फार आहे, थोडं पाणी द्या. त्यांनी तांब्या आणवला आणि सवयीनं उंच धरला. मी हात खाली सोडून उभी राहिले. म्हटलं, ओंजळ धरणार नाही. ज्या पाण्यात आता माझी बादली जायची, ते मला तांब्यानं प्यायला काय हरकत आहे? त्या बघत राहिल्या, तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. मी पुडीचा डबा ओढणीत बांधला आणि चालू लागले. भाई, मनात येत होतं, धापू, त्या पोरीचं पोट दुखतंय आणि तू मान मिरवतेस. तरी वळले नाही. वळले असते तर पुन्हा कधीच सरळ चालता आलं नसतं.

फाटकापाशी मागून पैंजण वाजले. कोटडीची सून पळत आली होती, सुगनची आई. हातात तोच तांब्या. तिनं तो माझ्या हातात दिला, वरून ओतला नाही, हातात दिला. मी ओठ लावून प्यायले. ठकराणी दारात उभ्या होत्या, दुसरीकडे बघत. पाणी काही अमृत नव्हतं, जरा मचूळच होतं. मग परत गेले आणि पूड टाकली, मापानं, आणि सुगनसाठी चिमूटभरही कमी-जास्त होऊ दिली नाही.

पाहुणे गेले. वंतीनं जाताना सासूबाईंच्या गळ्यात पडून काहीतरी म्हटलं. नरपतजींनी सांगितलं की ती पुढच्या वर्षी टीमूला आजीचा मासा दाखवायला बोलावते आहे. सासूबाई म्हणाल्या, पोरीला पाठवू, पण ते पाणी उकळून द्या म्हणावं.

आणि काल शाळेत काय झालं ते टीमूनं सांगितलं तसं लिहिते. मधल्या सुट्टीत ती माठापाशी गेली आणि खाली बसलीच नाही. स्वतः डोया घेतला. मास्तर बघत होते. मागे रांगेत सुगन होती. टीमू डोया धरून थबकली तेव्हा सुगनच म्हणाली की किती वेळ लावतेस, पी ना लवकर, आम्हाला तहान नाही का लागत?

टीमू घरी आली तेव्हा मी आधी तिच्या बाह्या चाचपून पाहिल्या. कोरड्या होत्या. तुमच्या स्वेटरच्या, दोन्ही.

आता सुट्टी काढा आणि होळीला या. पोट सोबत आणलं तरी चालेल. बहिणीवर जीव आहे तो असाच असू द्या.

तुमची,
धापू