तुझ्या स्पीकरवाचून

प्रिय धाकट्या,

तुझे स्पीकर तुला लखलाभ. पहिल्याच ओळीत भांडण काढलं म्हणून पत्र फाडू नकोस, पुढे बातमी आहे. बाबांचा अँप्लिफायर पुन्हा गायला लागलाय.

बाबा गेल्यावर तू स्पीकर उचलून नेलेस आणि आत्याकरवी निरोप धाडलास, की ताईने माफी मागितली तर परत देईन. तुला वाटलं असणार, काचेच्या व्हॉल्व्हचा तो जुना अँप्लिफायर जेमतेम आठ वॅटचा, त्याला साजेसे स्पीकर हिला कुठे मिळणार, झक मारत येईल. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव कोण, ते तूच ठरव.

सुरुवातीला फजिती झाली, खोटं कशाला बोलू? दुकानदाराने उंच, सडपातळ, चकचकीत स्पीकर माझ्या गळ्यात मारले. घरी लावले तर गाणं जिना चढून आल्यासारखं धापा टाकत होतं, खालचे सूर गायब, आवाज वाढवला की चिरका. परत द्यायला गेले तर म्हणाला, अँप्लिफायरच बदला, आजी. अजून पन्नाशी गाठली नाही मी!

मग मात्र हट्टालाच पेटले. अँप्लिफायर दुलईत गुंडाळून मांडीवर घ्यायचा, टॅक्सी करायची आणि जिथे जाऊ तिथे म्हणायचं, आधी हा जोडा, मग बोलू. वॅट कमी असले की स्पीकर थोड्या ताकदीत मोकळा बोलणारा हवा. डेसिबलचा आकडा पंचाण्णवच्या वर, आणि स्पीकरचा विद्युतरोध, म्हणजे ते ओहम, मध्येच कोसळायला नकोत, नाहीतर व्हॉल्व्हची दमछाक होते. बाबा हे जेवताना सांगायचे तेव्हा तू मांडीवर गोष्टीचं पुस्तक लपवून वाचत असायचास.

शेवटी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे सापडले. कपाटाएवढी दोन खोकी, आत बारा इंची कागदी कोन. बाबा पारखायचे तसा आवाज अगदी बारीक ठेवला. गाणारीने ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी रडत होते, ते मला नंतर कळलं.

आता माफीचं. डॉक्टर तिसऱ्या ऑपरेशनचे कागद पुढे करत होते आणि तू सही करायला निघाला होतास. मी बाबांना घरी आणलं. मी त्यांना मारलं, असं तू सगळ्यांना सांगत सुटलास. तू औषधं आणायला खाली गेला होतास तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं होतं. म्हणाले, "आता पुरे. मला माझ्या खोलीत ने, तिथे गाणं आहे." उरलेले दिवस ते डोळे मिटून ऐकत होते आणि कण्हत नव्हते. तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा हेच करीन. माफी मागणार नाही, आज नाही आणि कधीच नाही.

पण तुझी आठवण येते रे, फार येते. स्पीकर तुझ्याकडे अडकले होते तोवर मला तुला बोलावता येत नव्हतं. ताई स्पीकरसाठी लाडीगोडी लावतेय, असं तुला वाटलं असतं. आता मला तुझ्याकडून काहीच नकोय. म्हणूनच हे पत्र. घरी ये, रिकाम्या हाताने ये.

तुझीच, तुझ्याहून हट्टी,
ताई