मीन बंद

२ मार्च १९१३, सुपे
आज मंडळाची स्थापना झाली. सुपे अँगलर्स मंडळ. सभासद तीन. प्रेसिडेंट परशुरामशेठ लाकूडवाले (तंबू त्यांचा, चहाही त्यांचा), मेंबर पोस्टमास्तर वासुदेवराव, सेक्रेटरी मी, फॉरेस्ट डेपोतला कारकून. काम सगळं सेक्रेटरीकडे. साहजिकच आहे. गळाचा रॉड फक्त माझ्याकडे. मागचे फॉरेस्टसाहेब बदलून जाताना देऊन गेले. यमुना म्हणते, त्यांच्या पेटाऱ्यात मावला नाही म्हणून देऊन गेले. बायकांना स्पोर्ट कळत नाही.

हेतू एकच : गणेशगुडीखालच्या डोहातली महाशीर वाचवणे. इथले लोक तिला खडशी म्हणतात आणि कालवण करून खातात. काळी नदीत हिच्यासारखा झुंजार मासा नाही, असं साहेब म्हणत. पण रामेठ्याची साल कुटून पाण्यात कालवायची, गुंगून वर आलेले मासे टोपलीत भरायचे, हा इथला उद्योग. सरकारी मनाई आहे. वाचतो कोण? वरचे डोह सगळे ओस पडले. राहिला हा एक.

आणि त्यात ती. मी तिला महाराणी म्हणतो. तीन वर्षांची ओळख. तिने माझे गळ नेले, दोरी नेली, एकदा टोपी नेली. (टोपी वाऱ्याने गेली असं वासुदेवराव म्हणतात.) पुरती अशी कधी दिसली नाही. पाठ दिसते, शेपटी दिसते, मग पाणी हलतं आणि माझं काळीज हलतं.

नवे साहेब एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कॅम्पला येणार. मासा आहे का, विचारलंय. मी कळवलं, आहे, जागा स्वतः दाखवीन. साहेबांनी धरली तरी जागा माझीच, म्हणजे निम्मी मीच धरली.

संकल्प : महिनाभर डोहाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

५ मार्च
नंदिगद्द्याच्या झिलूकडे गेलो. रामेठा कुटण्यात याचा हात कुणी धरत नाही, असं ऐकून होतो. भाताचं खळं सारवत होता. मी त्याला महाशीरचं महत्त्व समजावलं. गळाने धरायची, झुंजवायची, वजन करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायची. तो म्हणाला, सोडायची? मग धरायची कशापायी, सायेब?

अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाला, व्हय व्हय, सायेब सांगत्यात ते खरं. त्याच्या बायकोने, गिरजेने, ताक दिलं. ताक उत्तम होतं. माणूस बदलला असं माझं मत.

९ मार्च
वरच्या अंगाच्या खोलगटात पांढऱ्या पोटाचे बारके मासे तरंगताना दिसले. पाण्याला सालीचा वास. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बोटाएवढी पिल्लंसुद्धा सोडली नाहीत.

हे काम झिलूचं नाही. त्याच्यावर माझा परिणाम झालेला आहे.

११ मार्च
डोहाकाठी मासेमारीला मनाईची पाटी लावली. इंग्रजीत, कारण इंग्रजीला लोक भितात.

१४ मार्च
पाटी नाही. शोध केला. डोहाजवळच्या फुलाबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवली आहे. मी रागावलो तर म्हणाली, वाऱ्यानं पडली हुती सायेब, देवाची वस्तू म्हून उचलली. अक्षरं आतल्या बाजूला. कोंबड्यांना तरी नियम कळो.

तरीही एका दृष्टीने मंडळाची मनाई लोकांच्या घरापर्यंत पोचली म्हणायची.

१६ मार्च
पहारा सुरू. आजची पाळी मी आणि वासुदेवराव. जेवणाचा डबा नेला होता. वासुदेवराव पोटाच्या वाताबद्दल बोलत राहिले. जेवणानंतर जांभळीखाली डोळे मिटून पाण्याचा अंदाज घेत होतो. उठून पाहतो तर ऊन कलतं झालेलं आणि माझी टोपी वासुदेवरावांच्या तोंडावर. साहेबांनी दिलेलं हाताचं जाळं गायब. पावलं ओल्या वाळूत स्पष्ट, बायकांची, पोरांची, एक कुत्र्याचं.

माशांचं संरक्षण करणाऱ्यांचंच जाळं चोरतात! या तालुक्याला लाज म्हणून नाही.

पण महाराणी आहे. संध्याकाळी तिने एकदा पाणी फोडलं. बरं वाटलं. यमुनेला सांगितलं तर म्हणाली, माझी चौकशी कधी इतकी केली नाहीत.

२० मार्च
पहारा तूर्त स्थगित. वासुदेवरावांना डाक असते, परशुरामशेठना गाड्या असतात, मला सर्दी आहे.

२२ मार्च
मिटिंग. परशुरामशेठ म्हणाले, पाटी कोण वाचतो, दवंडी पिटा. मी हेच सुचवणार होतो.

प्रश्न भाषेचा. इथे निम्मे लोक मराठी, निम्मे कानडी, आणि कोकणी सगळेच. लांबलचक हुकूम कुणाच्या डोक्यात शिरत नाही. शेठ म्हणाले, वासुदेवराव धारवाडकडचे, त्यांना विचारा. वासुदेवराव हल्याळला गेलेले. गरजही नव्हती. मी बेळगावचा. कानडी मला येते. पन्नासपर्यंत आकडे तर पाठच आहेत.

पुष्कळ विचार करून मजकूर दोन शब्दांवर आणला : मीन बंद. मीन हा संस्कृत, पंचांगातही आहे, आणि कानडी माणूस माशाला मीनुच म्हणतो. बंद हा कचेरीतला शब्द, सर्वांना ठाऊक. दोन शब्दांत तीन भाषा. लिहून पुन्हा पुन्हा वाचला. साहेबांना दाखवण्यासारखा आहे.

२३ मार्च
हलगीवाल्या लाडूला बोलावून मजकूर पाठ करून घेतला. ‘पुढल्या सोमवारपासून गणेशगुडीच्या डोहात मीन बंद, साहेबाचा हुकूम.’ लाडू मूळचा हल्याळकडचा, जीभ कानडी. बंद म्हणताना शेवटी जीभ वर लावतो, बंतु असं काहीतरी होतं. त्याने विचारलंही, सायेब, बंतु म्हटलं तर चालतंय न्हवं? मी म्हटलं, तुझ्या जिभेला सोपं पडेल तसं म्हण, अर्थ पोचला पाहिजे. तो हसला. म्हणाला, पोचतोय की, चांगला पोचतोय.

असा उत्साही दवंडीवाला मी पाहिला नाही.

२६ मार्च
परिणाम थक्क करणारा! जोयड्याच्या वाटेवर तीन बायका भेटल्या, तिघी हसून बाजूला झाल्या. एक म्हणाली, सायेब, देव तुमचं बरं करो. आजवर या लोकांनी मला नमस्कारसुद्धा पाठ वळवून केलाय.

गावात सगळीकडे एकच चर्चा, सोमवार. माणसांना नियम नको असतात हे खोटं. नियम कुणी नीट सांगत नव्हतं, इतकंच.

२८ मार्च
झिलू मुद्दाम डेपोवर आला. विचारलं, सोमवारी आमी बी यायचं न्हवं? म्हटलं, तू तर सर्वांत आधी यायला हवास. तुझ्यासारख्यांसाठीच हे आहे. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, आजवर साहेबाच्या माणसानं आमाला असं बोलवलं न्हाई. पोरांना बी आनू? आण. बायकांना? आण. मग म्हणाला, रामेठा आनायचा की साहेबाचा हाय? मी गंभीरपणे म्हटलं, असेल तेवढा सगळा घेऊन ये, घरात कणभर ठेवू नकोस.

म्हणजे सोमवारी हे लोक सगळी साल माझ्या पायाशी टाकून शपथ घेणार! मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं. रात्री जेवण गेलं नाही, आनंदाने.

३० मार्च
भाषण तयार केलं. ‘बंधूंनो, नदी ही आपली आई आहे’ अशी सुरुवात. यमुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लोक टोपल्या विकत घेताहेत, बुरुडाकडे एक शिल्लक नाही, हे कशासाठी? मी म्हटलं, जुन्या टोपल्या जमा केल्यावर भात भरायला नव्या लागतीलच. तिने आमची जुनी टोपली उचलून माळ्यावर ठेवली. तिचा मंडळावर विश्वास नाही.

३१ मार्च, सोमवार, सकाळ
डोहाकाठी बसून लिहितो आहे. काय हे दृश्य! नंदिगद्दे, जोयडे, गणेशगुडी, सगळी माणसं लोटली आहेत. जाळी, टोपल्या, कोयते, सालीचे भारे, सगळं जमा करायला आणलं आहे. लाडू हलगी वाजवतो आहे. शेठनी तंबू लावला. आता खडकावर चढून भाषण करतो. पाणी निवळ आहे. महाराणी खाली असेल. ऐक म्हणावं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
‘बंधूंनो’ एवढंच झालं.

कुणीतरी आरोळी दिली आणि माणसं पाण्यात उतरली. सालीचे भारे उतरले. मी खडकावरून थांबा थांबा म्हणत हात हलवत होतो. त्यांना वाटलं मी इशारे करतोय, इकडे जा, तिकडे जा. मी दाखवीन तिकडे लोक धावत होते. मी हात खाली घेतले तर झिलू ओरडला, सायेब, थांबू नगा, तुमच्यामुळं लई मिळालंय.

वासुदेवराव कपाळाला हात लावून शेजारी आले. म्हणाले, अहो, कानडीत ‘मीनु बंतु’ म्हणजे मासे आले. मासे आले, साहेबाचा हुकूम, अशी दवंडी ऐकली गावाने. मी विचारलं, तुम्ही ऐकली होती? म्हणाले, ऐकली. मला वाटलं साहेबांसाठी जेवणावळ आहे. मी बायकोला मसाला वाटायला सांगून आलोय.

मग ती वर आली. जांभळीच्या मुळाखालून, हळूहळू, एका कुशीवर. झिलू कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने तिला दोन्ही हातांनी कवळलं. शेपटी खांद्यावरून मागे लोंबत होती. एकेक खवला माझा तळवा झाकेल एवढा, कडेला सोनेरी. तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदा पुरती पाहिली. सगळे ओरडत होते. मी खडकावर बसून राहिलो आणि रडलो. लोकांना वाटलं, आनंदाने.

१ एप्रिल, सकाळ
साहेबांचा शिपाई आला. कॅम्प शनिवारी. काय कळवावं? पाणी कमी, मासा खाली सरकला. दवंडीची चूक लाडूची. मूळ मजकुरात दोष नाही. वासुदेवरावांनी हल्याळला जायला नको होतं. शेठ म्हणतात मंडळाचं नाव त्यांच्याशी जोडू नका, तंबू त्यांनी भाड्याने दिला होता.

१ एप्रिल, दुपार
हलगी ऐकू आली. बाहेर आलो तर लाडू पुढे, मागे झिलू, गिरजा आणि अर्धं नंदिगद्दे. झिलूच्या डोक्यावर केळीच्या पानाने झाकलेली टोपली. अंगणात ठेवून पान काढलं. महाराणीचं डोकं.

झिलू म्हणाला, आमची रीत हाय, सायेब. ज्यानं गावाला डोहावर बोलवलं, मोठ्या मासळीचं टकुरं त्येच्या घरी जायचं. मानाचं हाय. न्हाई म्हनू नगा, गाव रुसंल. गिरजेने मला ओवाळलं. यमुनेने पदर पुढे करून टोपली घेतली. मी काय करणार होतो? नमस्कार केला. तोंड उघडं होतं महाराणीचं. ओठात एक गंजका गळ रुतलेला. माझा.

सगळे गेल्यावर यमुनेने विचारलं, काय करू याचं? म्हटलं, पुरू. ती म्हणाली, मान आलेला पुरतात होय? लोकांना काय सांगायचं?

तिने तिरफळं घालून कालवण केलं. मी शिवणार नव्हतो. निदान वास घ्यायचा, एवढंच ठरवून पाटावर बसलो.

दोनदा भात मागून घेतला. इतकी गोड मासळी मी जन्मात खाल्ली नव्हती.