चंद्रीच्या रिकाम्या जागेवर

९ नोव्हेंबर, सौंसर

नोंद राहावी म्हणून लिहितो: आज दुपारी पांढुर्ण्याच्या कॉलेजात माझा 'का' जप्त झाला. भर दिवसा, साक्षीदारांसमक्ष (एक शिपाई, एक बंद पंखा). माझ्या मार्गदर्शक मेश्राम मॅडमनी माझी प्रश्नावली घेतली, जिथे जिथे 'का' होता तिथे तिथे हिरव्या पेनने काट मारली आणि म्हणाल्या, "सर, 'का' विचारलं की माणूस सफाई देत बसतो. 'काय झालं ते सांगा' म्हणा, आणि गप्प बसा."

गप्प बसा! मला! इतकी वर्षं पेपरला सौंसरच्या बातम्या पाठवून राहिलो, ते 'का'च्याच जिवावर. पूर्वी संस्कृतात एम.ए. केलं, तेव्हाही भर वादात 'कुतः?' (म्हणजे 'का?'च) विचारायची मुभा होती. आता पन्नाशीनंतर मानसशास्त्रात दुसरं एम.ए. करायला निघालो तर हे. मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्या मला सर म्हणतात, मी त्यांना मॅडम. दोघंही थोडे थोडे अवघडतो.

घरी येऊन बायकोजवळ, सुनंदाजवळ, तक्रार केली. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "का बंद झाला तं 'काऊन' विचारत जा. त्याले थोडीच बंदी आहे." (आमच्या बोलीत 'का' म्हणजे 'काऊन'.)

लघुप्रबंधाचा विषय: अबोला. आकडे नाहीत, टक्के नाहीत. माणसांसमोर बसायचं, त्यांना बोलू द्यायचं, त्यांच्या बोलण्यातून त्यांचा अर्थ शोधायचा. त्यातही न बोलणारी माणसंच शोधून बोलती करायची. विषय निवडला त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. मॅडम मात्र खूश.

१४ नोव्हें., सौंसर

सरावाची मुलाखत. वसंता झेरॉक्सवाला, लंगोटीयार. त्याचा साडूशी अबोला आहे. मोबाइलवर रेकॉर्ड केली, शब्दन्‌शब्द टाइप केली, अभिमानाने मॅडमना पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं: "फार छान मुलाखत आहे सर. तुमची."

सुनंदाने वाचली. म्हणे, "वसंताभाऊजी यात फक्त 'हो', 'होय ना' अन् 'बरोबर' म्हणून राहिले. एवढं तं ते घरी बी म्हणतात."

पुन्हा वाचली. खरं आहे. एक प्रश्न तर दीड पानाचा, आणि त्यात माझंच उत्तर.

उपाय सुचला. प्रश्न विचारला की मनातल्या मनात 'रामः रामौ रामाः' सुरू करायचं. प्रथमा, द्वितीया… समोरचा बोलेपर्यंत विभक्त्या चालवायच्या. लहानपणी मार खाऊन पाठ केलेलं आता कामी येईल.

१९ नोव्हें., लोधीखेडा

दोन जावा. दोघी विधवा. घरांच्या मधे एक भिंत, नळ एक, संत्र्याचा बगीचा एक. एकमेकींशी बोलणं बंद. धाकटीच्या मुलीचं लग्न झालं तेव्हापासून. आता त्या मुलीची मुलगी कॉलेजात जाते. मॅडमनी सांगितलंय, खरी नावं स्वतःच्या वहीतही लिहायची नाहीत. म्हणून थोरली आणि धाकटी.

आज थोरली. नाव बदलून लिहिणार म्हटल्यावर बाई नाराज.

"नाव बदलन तं तिले कसं मालूम पडन, का मी बोलली म्हणून?"

हे वाक्य मुलाखत सुरू व्हायच्या आधीचं. तरी लिहून ठेवलं.

'काय झालं ते सांगा' म्हणालो आणि राम चालवायला घेतला. चतुर्थीला बाई बोलल्या. लग्नात रुखवताला त्यांनी करंज्या केल्या होत्या. धाकटीने ते ताट पार मागे ठेवलं, पंख्याच्या आड. "दिसलंच नाही कोणाले. मी तं त्याईले मुरड घालू घालू बोटं दुखवले बापू."

मग घरचे निरोप कसे जात, असं विचारलं. इथे बाईंच्या चेहऱ्यावर हसू. म्हैस होती, चंद्री, सामाईक अंगणात बांधलेली. धाकटीला सांगायचं ते चंद्रीला सांगायचं. नळ आला की धाकटी मोठ्यानं म्हणे, "चंद्रे, पाणी आलं वं, कोणाले गुंड-घागरी भराच्या असन तं भरून घ्या." थोरली घरातून म्हणे, "चंद्रे, ऐकू आलं म्हणा." आजारपणं, सोयरिकी, बगीच्याचा भाव, सारं चंद्रीच्या कानावरून. मागच्या दिवाळीत म्हैस विकली. दूध काढणं आता दोघींच्याही गुडघ्यांना होईना.

"मंग?" मी.

"मंग काय. आता कोणाले सांगाव?"

जाताना हळूच: संत्रा तुटला (बगीच्याची तोडणी झाली) की त्या भोपाळला मुलाकडे जाणार, कायमच्या. "हे कोणाले सांगजा नको. तिले तं नाहीच." आणि दारातून परत हाक मारून: "मले बोलाव वाटते बापू. पण पहिले तिनं बोलाव."

२३ नोव्हें., लोधीखेडा

आज धाकटी. करंज्यांचा 'क' नाही! तिची गोष्ट वेगळीच. मुलीच्या लग्नानंतर तिला स्वतःला ताप आला, पडून होती. थोरली दारावरून बसस्टँडला गेली आणि थांबली नाही. "चपलेचा आवाज ओळखू येते ना मले. दारापाशी हळू झाला, अन् गेला पुढं."

ताट पंख्यामागे? "कोणतं ताट?"

शेवटी तिनेही उंबऱ्यावर थांबवलं. "बोलाव वाटते हो भाऊ. पण मोठी आहे ना ते. पहिले तिनं बोलाव."

बसमध्ये एकटाच हसत होतो. कंडक्टर म्हणाला, "काय भाऊ, लॉटरी लागली काय?" जवळपास.

२५ नोव्हें., पांढुर्णा

चूक केली. बातमीदार जागा झाला. खरं कोण बोलतंय ते तपासायला लग्नातल्या फोटोवाल्याला गाठलं, रुखवताचे फोटो मागितले. (त्याच्याकडे नवरदेवाचे बूटच जास्त निघाले.) मॅडमना सांगितलं तर कपाळाला हात.

"सर, पंचनामा करून राहिले काय? ताट कुठं होतं हा आपला प्रश्नच नाही. एकीच्या मनात ताट राहिलं, दुसरीच्या मनात चपलेचा आवाज राहिला. तो आपला प्रश्न."

मान्य. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे छापायला आमचे संपादक कधी तयार झाले नसते.

मग पोटातलं बाहेर काढलं. दोघींनाही बोलायचंय, दोघी पहिल्या शब्दासाठी अडल्यात, आणि त्यातली एक कायमची चाललीय हे दुसरीला माहीतच नाही. मी एक वाक्य बोललो तर?

"नाही."

"पण मॅडम…"

"सर, ते तुम्हाला विश्वासाने मिळालेलं आहे. तुमचं नाही ते."

आयुष्यात प्रथमच बातमी हातात असून पाठवायची नाही. रात्री एकच पोळी खाल्ली. सुनंदा म्हणते, कॉलेजच्या कँटीनचा समोसा.

१ डिसें., लोधीखेडा

आराखड्यात गटचर्चा पहिल्यापासून आहेच. पाच बायका, यमुनाबाईंचं अंगण (यमुनाबाई दोघींच्या शेजारीण). मॅडमची अट: कोण कोण येणार ते प्रत्येकीला आधी सांगायचं, लपवाछपवी नाही.

थोरली: "ते येऊन राहिली काय? मंग येईन. बोलणार नाही पण."

धाकटी: "मी तं येणारच होती. बोलणार नाही पण."

८ डिसें., लोधीखेडा

काय दिवस!

यमुनाबाईंनी सांभारवडी केली होती, कोथिंबीर भरलेली, गरम, वर कढी. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून पाटावर मधोमध ठेवला. प्रश्न विचारला: घरात अबोला असला की निरोप कसा जातो? आणि राम सुरू. एकीने मांजरीचं सांगितलं, एकीने भिंतीचं. दोघी जावा दोन टोकांना, पदर सावरत, चूप.

मग थोरली पाटाकडे वाकली.

"हे ऐकून राहिलं ना, बापू?"

"हो, सगळं ऐकते."

"मंग मशीनले सांगते मी. मशीन, त्या लग्नात करंज्याचं ताट होतं म्हणा. कोणाले याद आहे काय विचार."

धाकटी पाट बघतेय. मग तीही वाकली.

"मशीन, मले खरंच याद नाही म्हणा. घरात लग्न, डोकं ठिकाणावर होतं काय माह्यं? अन् तापात पडली होती तवा दारातून कोण गेलं, तेबी विचार."

"मशीन, दार लोटलं होतं म्हणा! वाटलं, झोपली असन. उठवाव कशाले?"

यमुनाबाईंच्या हातातला झारा तसाच. मला उशिरा उमगलं: चंद्रीची जागा रिकामी होती, तिथे माझा मोबाइल रुजू झालाय. आणि त्याचा धनी म्हणून अर्धा मी.

तेवढ्यात थोरली, अगदी सहज, "अन् मशीन, हेबी सांगून ठेव. संत्रा तुटला का मी भोपाळले चालली. पोराकडे. आता तिकडेच."

माझी सांभारवडी तोंडातच. जे मी पोटात वागवत होतो ते बाईंनी स्वतः पाटावर ठेवलं.

धाकटी पुन्हा मोबाइलकडे वाकली. मग:

"मशीन, विचार तं. भोपाळले नळ कधी येते? का तिथं बी कोणी सांगाले लागते?"

आधी यमुनाबाई हसल्या, मग सगळ्या. थोरली हसताना डोळे पुसत होती. पदराने, कढीच्या हाताने, म्हणून अजूनच पुसावे लागले.

१२ डिसें., पांढुर्णा

मॅडमनी गटचर्चा वाचली. "सर! त्या एका 'हो'शिवाय तुम्ही एकदाही मधे बोलले नाही. अख्ख्या चर्चेत!"

नम्रपणे मान झुकवली. तोंडात सांभारवडी होती हे सांगितलं नाही. (नंतर सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की शिपाई डोकावला.)

चार रंगांची पेनं घेऊन टेबलाशी बसलो. बोलण्यातले धागे वेगळे करायचे: 'तिसऱ्याला सांगणं', 'पहिला शब्द कोणाचा', 'ऐकूनही न ऐकणं'. मॅडम म्हणाल्या, एक धागा सुटला. बोट ठेवून दाखवला: एकमेकींवर रागावल्या असूनही नळाचा निरोप कधी चुकवला नाही. त्याला नाव काय द्यायचं? दोघं विचार करत बसलो. मला संस्कृत शब्द सुचले, त्यांनी सगळे नाकारले. शेवटी त्यांनीच लिहिलं: 'काळजी चालू'. ह्याहून चांगलं मला सुचलं नसतं. मजा येतेय. पूर्वी विद्यार्थी असताना एवढी मजा का आली नाही (क्षमा: काय झालं होतं तेव्हा)?

१७ डिसें., सौंसर

सकाळी धाकटीचा फोन. "भाऊ, ते मशीन घेऊन या ना एक दिवस. थोडं बोलाचं राहिलं." दुपारी थोरलीचा. तेच, जवळपास त्याच शब्दांत.

मॅडमना विचारलं. अभ्यासासाठी आता नवीन काही लागत नाही, म्हणाल्या. "पण त्यांनी बोलावलं तर जा. फक्त कोणासाठी जाताय ते लक्षात ठेवा."

सुनंदा: "जा जा. म्हशीले सुट्टी नसते."

२१ डिसें., लोधीखेडा

नळाजवळ बसलो. दोघी दोन बाजूंना, मधे मोबाइल. बगीच्याचं, नातीचं, भोपाळच्या थंडीचं. धाकटीने तिळाचे लाडू केलेत, "मशीन, डब्बा भरून ठेवला म्हणा." थोरली, "मशीन, तीळ जळले तं नाही ना विचार." चेष्टा! ह्या वयात, एवढ्या वर्षांनी, एकमेकींची चेष्टा. मला तिथे कोणी मोजत नव्हतं, आणि इतकं छान वाटत होतं.

मग धाकटी जरा थांबली. आवाज बदलला. "मशीन, इले सांग, जाऊन राहिली तं…"

मोबाइल बंद. बॅटरी.

दोघींनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. हातभर अंतर. मी राम सुरू केला. सप्तमी झाली, संबोधनही झालं.

शेवटी थोरली माझ्याकडे वळून: "चार्जर आणला नाही काय बापू?"

यमुनाबाईंच्या घरून चार्जर आणला. मोबाइल सुरू झाला. धाकटी म्हणाली, "मशीन, संत्र्याचा व्यापारी कधी येते ते विचार."

तिचं ते अर्धं वाक्य तिथेच राहिलं.

२८ डिसें., सौंसर

संत्रा तुटला. काल गाडी भरून गेली. परवा थोरली पांढुर्ण्याहून भोपाळची रेल्वे पकडणार. उद्या लोधीखेड्याला शेवटची फेरी: अभ्यासात काय निघालं ते दोघींना वाचून दाखवायचं, त्यांना पटतं का पाहायचं, आणि निरोप घ्यायचा. मॅडमच्या भाषेत, क्षेत्रातून बाहेर पडायचं.

प्रबंध चांगला झालाय. मॅडम म्हणाल्या, आणि त्या उगाच म्हणत नाहीत. सुनंदाने 'काळजी चालू' हे प्रकरण दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठून बहिणीला फोन लावला.

मोबाइल उद्या न्यायचा की घरीच ठेवायचा, हे मॅडमना विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "जे ठरवाल ते लिहून ठेवा, सर. आणि कोणासाठी ठरवलं तेही."

लिहायला बसलो आणि ठरत नाही. नेला तर त्या मोबाइलशी बोलतील, हसतील, आणि परवा गाडी सुटेल. नाही नेला तर कदाचित अंगणात बसून दोघी माझ्याकडे बघत राहतील. चंद्री होती तेव्हा निदान दोघी एकाच अंगणात होत्या.

प्रबंधाची काळजी नाही, मार्कांची नाही. मला भीती वाटते ती एवढीच: त्या एकमेकींशी थेट एक शब्द न बोलता दूर जातील, आणि त्यांचं सगळं बोलणं माझ्याकडे राहील.