तपकिरी बाटली

सिहोरा, मंगळवार, संध्याकाळ

उद्याच्या तासासाठी वाचत होते. आकाश निळं का दिसतं ते शोधणारा, आल्प्सची शिखरं चढणारा तो जुना शास्त्रज्ञ बायकोच्या हातून गेला. पोटाच्या औषधाऐवजी तिनं चुकून झोपेचं दिलं.

पुस्तक मिटलं. तासाभरापूर्वी मीही यांना पोटाचं औषध दिलं होतं. लेबल वाचलं होतं का? झोपेची बाटली शेजारीच असते, तशीच तपकिरी.

हे पेंगत होते. गदागदा हलवलं.

"काहून व, भूत पाहिल्यावानी पाहून राहिली?"

कपाटाकडे धावले. झोपेच्या बाटलीचं सील शाबूत होतं.

तरी हायसं वाटेना. लेबल मी वाचलंच नव्हतं. आणि उद्या चमचा पुढे केला की हे न बघता तोंड उघडतील.